नऊ दिवसांचा पाऊस

खोटा पाऊस मला लांबून ओळखू येतो. यात फुशारकी काही नाही, एकोणतीस वर्षं तेच काम केलंय. हवामानखात्यात जुन्या नोंदी तपासायचा एक विभाग असतो, इमारतीच्या मागच्या अंगाला, जिथला पंखा कुरकुरतो आणि जिथे पाहुण्यांना कोणी आणत नाही. तिथे मी बसते. गावोगावचे निरीक्षक रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक उघडतात, बाटलीत साठलेलं पाणी काचेच्या मापात ओततात, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचतात आणि तक्त्यात लिहितात. निदान तसं करायचं असतं. प्रत्यक्षात कोणाला लग्नाला जायचं असतं, कोणाला ताप येतो, कोणाला नुसताच कंटाळा येतो. मग चार दिवसांचे आकडे एकदम, घरी बसून, मनाने. आणि मनाने लिहिलेला आकडा शून्यावर नाहीतर पाचावर संपतो. साडेबारा, वीस, साडेआठ. खरा पाऊस असा वागत नाही. तो सात पूर्णांक तीन पडतो, एकोणीस पूर्णांक सहा पडतो, त्याला कुणाची सोय बघायची नसते. ऑफिसात मला फौजदारीण म्हणतात, माझ्या पाठीमागे, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

पडून गेलेला, वाहून गेलेला पाऊस तपासून काय मिळतं, असं माझी मावशी अजून विचारते. तिला दर वेळी सांगते. मोसमी पाऊस चार महिने सलग पडत नसतो. झोडपतो आणि मग गप्प बसतो. कमी दाबाचा एक लांबलचक पट्टा असतो. तो मधोमध असला की आमच्याकडे पाऊस. तो वर सरकून मोठ्या पर्वतांच्या पायथ्याला जाऊन टेकला की तिकडे पूर आणि इकडे ऊन. त्याला खंड म्हणतात. खंड पाच दिवसांचा की पंधरा दिवसांचा, हे आधी कळलं तर पेरणी कधी करायची आणि धरणातलं पाणी सोडायचं की धरायचं हे ठरवता येतं. आधी कळण्यासाठी समुद्रावरून सरकत येणाऱ्या ढगांच्या लाटा बघायच्या, वरचे वारे बघायचे, आणि मग मागे वळून बघायचं की वारे असेच याआधी कधी होते आणि तेव्हा कुठे किती पडला. म्हणजे फिरून माझ्याच टेबलावर. मागचं खोटं असेल तर पुढचं चुकतं. मावशी सगळं ऐकून घेते आणि विचारते, मग उद्या छत्री नेऊ का?

माझे वडील, अप्पा, असेच एक निरीक्षक. पाणीपुरवठ्याच्या पंपघरावर नोकरी, शेजारीच क्वार्टर आणि आवारात तारेच्या कुंपणात मापक. पाऊस मोजणं हे हौसेचं काम, पण पंप एखाद दिवस बंद राहिला असता, मोजणी राहिली नसती. निवृत्त झाल्यावर आवारासमोरच दोन खोल्या घेतल्या, का तर मापक लांब पडायला नको. यंदा त्या मोजणीला पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षांत एकही दिवस चुकलेला नाही अशा केंद्रांवर पितळी पाटी लावायची, निरीक्षकाच्या नावासकट, असं खात्याने ठरवलं. यादीत बारा केंद्रं होती आणि अप्पांचं त्यात होतं.

अप्पा ब्याऐंशी वर्षांचे. हृदय पार थकलंय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा पावसाळा काढतील, पुढचं काही धरून चालू नका. पाटीचं कळल्यापासून मात्र आठवड्यातून तीनदा फोन.

"पाटी कधी येणार गं?"

"तपासणी चाललीय, अप्पा."

"कोण तपासतंय?"

"मी."

"मग काय, झालंच," म्हणाले आणि हसले. ते झालंच मला अजिबात आवडलं नाही.

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर मी उगाच खडूस वाटेन. खडूस मी आहेच, पण उगाच नाही. मी वीस वर्षांची असताना आई गेली. भर पावसाळ्याचे दिवस, नऊ दिवस ती दवाखान्यात होती, आणि उशाशी मी आणि अप्पा दोघंच. रोज सकाळी आठ वाजले की अप्पा चपला घालायचे. "मोजून येतो," म्हणायचे आणि जायचे, ते साडेनऊपर्यंत. साडेआठला मोठे डॉक्टर मागे चारपाच जणांचं लटांबर घेऊन यायचे, आईच्या पायथ्याशी उभं राहून तिचं कसं काय चाललंय ते बोलायचे. ते मी एकटी ऐकायची. बरं, पाऊस पडत होता म्हणावं तर तसंही नाही. त्या आठवड्यात टिपूस नव्हता. खिडकीतून ऊन आईच्या पायांवर यायचं आणि मी पडदा ओढायची. म्हणजे हा माणूस बायकोला तसं टाकून रिकामी बाटली बघायला जात होता. शून्यसुद्धा जाऊनच वाचावं लागतं, हे त्यांनी मला लहानपणी शिकवलं होतं, आणि त्या नऊ दिवसांत मला त्या शिकवणीची शिसारी आली.

नवव्या दिवशी ते असेच आठला गेले. सव्वाआठला आईने डोळे उघडले आणि विचारलं, "हे कुठे आहेत?" येतीलच, म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझं उत्तर तिला ऐकू गेलं नसावं, ती दाराकडेच बघत होती. डॉक्टरांची फेरी त्या दिवशी अजून यायची होती. आठ चाळीसला ती गेली. साडेनऊला अप्पा आले, तोंड धुऊन, केस विंचरून.

मी त्यांच्याशी भांडले नाही. एक अक्षर बोलले नाही. फक्त आई काय विचारत होती ते सांगितलं नाही. ते राखून ठेवलं. एक दिवस सांगायचं, अगदी वर्मी बसेल अशा वेळी सांगायचं, असं तेव्हाच ठरवून टाकलं. तेहतीस वर्षं मी त्यांची औषधं आणली, चष्मे बदलून दिले, दर रविवारी जाऊन चहा प्यायले, आणि ते वाक्य जपून ठेवलं. वाईट आहे हे, मला कळतं. आणि नोकरी कुठे धरली, तर पावसाच्याच खात्यात. मावशी म्हणते, बापावर गेलीयस. मी तिच्याशी दोन दिवस अबोला धरते.

तर तपासणी. अप्पांचे तक्ते महिनाअखेरीला पोस्टाने यायचे आणि जुने सगळे गठ्ठ्यात पडून होते. आठवड्याच्या बेरजा तेवढ्या पुढे अंदाजवाल्यांकडे गेल्या होत्या. पाटीच्या निमित्ताने पहिल्यांदाच एकेक दिवस संगणकात चढवला. आमच्याकडे एक सोय आहे, एखाद्या केंद्राचा आकडा शेजारच्या केंद्रांशी जुळत नसेल तर तो चौकोन लाल होतो. पन्नास वर्षं म्हणजे अठरा हजारांवर दिवस. इतर लोकांचे तक्ते गोवर आल्यासारखे दिसतात. अप्पांचे स्वच्छ होते. फक्त एका ठिकाणी, ओळीने, नऊ चौकोन लाल.

तारखा बघायची मला गरज नव्हती. तरी बघितल्या.

सहा शेजारची केंद्रं, सहाही ठिकाणी शून्य. पट्टा वर पायथ्याला गेलेला, अकरा दिवसांचा खंड, चांगला नावाजलेला. आणि अप्पांच्या आवारात रोज पाऊस. साडेबारा. वीस. साडेआठ. पंधरा. पुन्हा पंधरा. नऊच्या नऊ आकडे शून्यावर नाहीतर पाचावर.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. सापडलात, अप्पा. इतकी वर्षं नियमाचा, नेमाचा एवढा तोरा, आणि हे काय. मी तो कागद छापून घेतला आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. आमचे साहेब माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. खंडाचा अंदाज काढायची पद्धत त्यांनीच बसवलीय, डोकं तल्लख आहे, पण चहात बिस्कीट बुडवून फोनवर बोलत बसतात आणि मग चमच्याने गाळ काढतात. कागद बघून ते म्हणाले, "तरीच. हा खंड तुमच्या भागात नेहमी अर्धवट दिसतो मला. सगळ्यात लांब नोंद म्हणून या केंद्राला आपण वजनही जास्त देतो." मग माझ्याकडे बघून जरा ओशाळले. "पण मॅडम, स्थानिक सर म्हणून सोडून देऊ. एवढ्या वयाच्या माणसाची पाटी कशाला अडवायची?"

"एकाच आवारावर नऊ दिवस पडणारी सर?"

"असतो एखादा ढग प्रेमळ," ते म्हणाले. "तुम्ही ठरवा. मी सही करतो."

मी टेबलाशी परत आले आणि कागद पुढ्यात घेऊन बसले. तोपर्यंत मी फक्त रागाच्या अंगाने बघत होते. आता कामाच्या अंगाने बघितलं आणि हिशेब जुळेना. कारण कोरड्या दिवशी मापकापाशी उभा असलेला माणूस साडेबारा लिहीत नाही. बाटली उघडतो, आत पाणी नसतं, शून्य लिहितो. त्याच्याइतका सोपा आकडा दुसरा नाही. साडेबारा लिहितो तो माणूस तिथे गेलेलाच नसतो. हे मी हजार वेळा दुसऱ्यांना समजावलंय. अप्पा त्या नऊ दिवसांत एकदाही मापकावर गेले नव्हते.

मग गेले कुठे होते?

रविवारी दुपारी मी अप्पांकडे गेले. अप्पा खिडकीपाशी खुर्चीत, सुजलेले पाय स्टुलावर. गेला महिनाभर मोजणी पंपघरावरचा नवा माणूस करतो आणि हे खिडकीतून घड्याळ लावून त्याच्यावर पहारा करतात. "आज आठ बत्तीसला उघडलं," गेल्या गेल्या तक्रार. "मी काठी आपटली तर हात हलवतो. त्याला वाटतं मी नमस्कार करतोय."

एरवी मी हसले असते. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला.

"हे काय आहे, अप्पा?"

"पाऊस," ते म्हणाले.

"त्या आठवड्यात पाऊस नव्हता. खंड होता."

"एखादी स्थानिक सर..."

"शेवटचे आकडे बघा."

त्यांनी बोट वरून खाली नेलं. सावकाश, ओठ हलवत. शून्य आणि पाचाची ही खूण मला ऑफिसाने शिकवलेली नाही, त्यांनीच शिकवली होती, मी दहाबारा वर्षांची असताना, शेजारच्या केंद्राचा तक्ता दाखवून. बोट नवव्या आकड्यावर थांबलं. "अगदीच कच्चं काम," म्हणाले.

"तुम्ही मापकावर गेलाच नव्हतात."

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"मग कुठे होतात?" माझा आवाज चढला होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी आजारी म्हाताऱ्यावर असं ओरडू नये, पण ओरडले.

"खाली." त्यांनी श्वास घेतला. "दवाखान्यातच. तळमजल्यावर जिन्याखाली एक बाकडं होतं. धुवायच्या चादरींच्या गाड्या तिथून न्यायचे. तिथे बसायचो."

"दीड तास?"

"साडेआठला डॉक्टर यायचे ना," ते म्हणाले. "ते काय सांगणार ते मला माहीत होतं. ऐकायची छाती नव्हती. डॉक्टर येऊन गेले की वर जावं, असं करायचो. रोज म्हणायचो, उद्या थांबू. रोज आठ वाजले की पाय आपोआप उठायचे. भ्यालो होतो गं मी."

"आणि ते मी ऐकायचं? वीस वर्षांच्या पोरीने?"

"हो. ते तुझ्यावर टाकलं मी."

त्यांनी सबब सांगितली असती तर मी तिच्या चिंध्या केल्या असत्या. त्यांनी एकही सांगितली नाही. मीच काहीतरी धरायला शोधत होते.

"मग मला खोटं कशाला सांगितलंत? इतकी वर्षं मला वाटत राहिलं, तुम्हाला तिच्यापेक्षा ती बाटली..."

"वाटलं तर वाटू दे, म्हटलं. मापकाचं नाव घेतलं की तू चिडायचीस. तुझं चिडणं मला झेपत होतं. बाप जिन्याखाली लपून बसलाय हे तुला कळलेलं झेपलं नसतं."

समोर पंपघराची मोटर चालू झाली. मी विचारलं, आकडे कधी भरले. म्हणाले, सगळं उरकल्यावर दहाबारा दिवसांनी, एका बैठकीत. त्या तारखांना साधारण दरवर्षी जेवढा पडतो तेवढा घातला, थोडा कमीजास्त करून.

"पण शून्य का नाही लिहिलंत?" मी म्हटलं. "सगळीकडे शून्य होतं. शून्य लिहिलं असतंत तर मी जन्मात पकडलं नसतं. बाहेर ऊन होतं अप्पा. नऊही दिवस कडकडीत ऊन."

त्यांनी कागद खाली ठेवला.

"ऊन होतं?"

"रोज. आईच्या पायांवर ऊन यायचं म्हणून मी पडदा ओढायची."

"मला पाऊस आठवतो," अप्पा म्हणाले. "दुपारी डबा आणायला घरी जाताना पाऊस, येताना पाऊस. त्या बाकड्यावर बसलो की बाहेर धो धो ऐकू यायचा. अजून ऐकू येतो." त्यांनी पुन्हा कागद उचलला, सहा शेजाऱ्यांची सहा शून्यं एकेक करून वाचली. "असं कसं झालं?" एवढंच म्हणाले. सहा लोक खोटं लिहिणार नाहीत, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. उभा जन्म आभाळाकडे बघून काढलेला माणूस नऊ दिवस उन्हातून चालत गेला, चालत आला, आणि त्याला ऊन लागलं नाही. मला रडू आलं. ज्याच्यावर इतकी वर्षं रागावले होते तो माणूस कधी नव्हताच, आणि जो होता तो समोर बसला होता, निळसर नखांचा, आणि फार दिवस राहणार नव्हता.

"काढून टाक ते नऊ दिवस," ते म्हणाले. "नोंद नाही, असं लिही."

"पाटी जाईल."

"जाऊ दे. पुढे अंदाज बांधतात ना यावर? तो तुमचा साहेब."

"बांधतात."

"चुकतो का माझ्यामुळे?"

"थोडासा," मी म्हटलं. खोटं बोलता आलं नाही. पाटीपेक्षा ते त्यांना जास्त लागलं, चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी पेन मागितलं आणि नऊ चौकोनांवर स्वतःच्या हाताने आडव्या रेघा मारल्या. एकही रेघ चौकोनाबाहेर गेली नाही. पेन त्यांनी परत दिलं नाही, टोपण घालत आणि काढत बसले.

"एक विचारू?" म्हणाले. "तेव्हाच विचारायचं होतं. नाही विचारलं."

मला कळलं काय विचारणार ते.

"शेवटी तिने माझं काही विचारलं का?"

तेहतीस वर्षं उत्तर तयार होतं. एक शब्दही बदलावा लागला नसता. तीनदा, अप्पा. तीनदा विचारलं आणि दाराकडे बघत गेली, आणि तुम्ही दोन जिने खाली होतात. खरं होतं ते. शिवाय आता तर ते पहिल्यापेक्षाही वर्मी बसलं असतं, कारण मापक चालत अर्ध्या तासावर, आणि बाकड्यावरून वर यायला दोन मिनिटं पुरली असती. तोंडाशी आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "झोपेत होती. झोपेतच गेली."

"नक्की?"

"मी तिथेच होते ना."

"काहीच बोलली नाही?"

"काही नाही. श्वास थांबला तेव्हाच मला कळलं."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. काचेच्या मापात बघायचे तसं, मान जरा खाली करून, डोळा बरोबर पातळीला आणून. त्यांचा विश्वास बसला की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. मग त्यांनी तो कागद पालथा केला आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"लिहून दे."

"काय?"

"जे बघितलंस ते. वेळ घालून. नुसतं तोंडी माझ्या डोक्यात राहत नाही आता."

मी कागद गुडघ्यावर घेतला. लिहिलं, सकाळी ८.४०. रुग्ण झोपेत. कोणाचीही विचारणा नाही. अक्षर नेहमीसारखं आलं. खाली निरीक्षक म्हणून सही केली.

त्यांनी कागद हातभर लांब धरून वाचला, दोनदा. मग परत माझ्याकडे दिला.

"तारीख राहिली," म्हणाले.

मी तारीख घातली.